मागून सांगितलेला आकडा

त्याचे कान तुम्ही घेतलेत, जहाज कंपनीचे साहेब. आणि आता त्यालाच खुर्चीत बसवून विचारताय, ऐकू येतं का?

"मागे वळायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मी हळू आवाजात आकडा सांगेन. ऐकलात की मोठ्याने म्हणायचा."

सोलापुरात सात रस्त्याजवळचा दवाखाना. खुर्चीत होटगीचा गुरुशांत, जहाजावरचा ऑइलर. इंजिनाचं तेलपाणी बघणारा. फिट असल्याचा कागद मिळाला तर पुन्हा जहाज, नाही तर चिंचोळीत कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकावर वॉचमन. समोरच्या बाकावर त्याची बायको चंद्रिका.

"ताई, तुम्ही बाहेर बसा."

"बसते की हितंच. गप बसते. त्यास्नी एकट्याला करमत न्हाय."

डॉक्टर हसले. राहू दिलं.

इंजिनखोलीत कुणी बोलत नाही. त्या धडधडीत बोलून उपयोग नसतो. तिथं हात बोलतात. मूठ म्हणजे दहा, आडवा तळहात म्हणजे बंद कर. गुरुशांत सुट्टीवर आला की घरातही तेच चालवायचा. चंद्रिका चुलीपासून अंगठा ओठाला लावायची, चहा? तो चिमूट दाखवायचा, थोडा.

"काय गं, मुक्याशी लगीन लावलंस का?" शेजारची ईरम्मा चिडवायची.

"बोलायचा लई कंटाळा हाय त्यास्नी," म्हणत चंद्रिका लाजायची. ही आपल्या दोघांचीच भाषा, असं तिला वाटायचं. त्या लाडात नवरा बहिरा होत चाललाय हे कुणाला दिसलंच नाही. यंदा कुकर शिट्ट्या मारमारून करपला आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता, तेव्हा दिसलं.

डॉक्टरांनी मागून आकडा कुजबुजला. चंद्रिकाने गुडघ्यावर मूठ ठेवली, मग पाच बोटं, मग दोन.

"सतरा," गुरुशांत म्हणाला.

"बरोबर."

दोनदा मूठ, तीन बोटं.

"तेवीस."

"छान. पुढचा."

चंद्रिकाचा हात उठला. गुरुशांतने तिच्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

पंखा फिरत होता.

"अवो," चंद्रिका दबक्या आवाजात म्हणाली. मग ओरडलीच, "डोळं उघडा की वो!"

तो तसाच ताठ बसून राहिला, आकड्याची वाट बघत. डॉक्टरांनी पुढं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"सांगा की, डॉक्टर."

डॉक्टरांनी आधी चंद्रिकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तीनदा सांगितला."

जिन्यात चंद्रिकाने त्याला अडवलं. "का मिटलं डोळं? मी दावत हुते की."

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं. "जहाजात खाली आग लागली तर भोंगा वाजतो. तितं तू असणार हायस का दावायला?"

"मग आता?"

त्याने तळहात आडवा धरला.

ती रडली नाही. तोही नाही. रस्त्यावर आल्यावर ती त्याच्या उजवीकडून डावीकडे गेली, गाड्यांच्या बाजूला, आणि त्याचं कोपर धरलं. त्याने धरू दिलं.

आता तुमचं बोलू, साहेब. इंजिनाचा आवाज अडवायला कानावर लावायची जोडी तुम्ही त्याला दिलीत, तीही स्पंज झडलेली. "कानात शिट्टी वाजतीया," असं त्याने जहाजावरच सांगितलं होतं. "सगळ्यांच्याच वाजते," म्हणालात. दर खेपेला चढण्याआधी तुमच्या माणसाने याच्या कानाकडे न बघता फिट म्हणून शिक्का मारला, कारण तेव्हा तुम्हाला माणूस हवा होता. पहिल्यांदा कुणी तरी नीट तपासलं, तर तो अनफिट.

त्याचा कान कुठल्या फेरीत गेला? आणि तो जात होता तेव्हा तुम्ही काय करत होता?

उत्तर द्या. कागद पाठवू नका, होटगीला या. त्याच्या समोर बसा आणि तोंडावरचा हात काढून बोला. त्याला ओठ वाचता येतात.