पाळकसाहेबांची शिकवणी

रामकिसन भर दुपारी आला, तोही चपला काढून हातात धरून. आमच्या दारातून आजवर कुणाच्या चपला गेलेल्या नाहीत, पण माणूस घाबरला की काहीतरी धरून ठेवतो. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाला आणि खुर्ची असताना जमिनीवर बसला. जेवून नुकतेच आडवे झालेले आमचे हे उठून बसले.

हे म्हणजे रेव्हरंड शद्रक त्रिभुवन, माझा नवरा. गंगापुरातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये तीस वर्षं पाळक आहेत. उपासनेला अकरा माणसं येतात, लग्नसराईत सात. रामकिसन तिथं गीतांना ढोलकी वाजवतो.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या अमृताला सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. जातीच्या दाखल्याची पडताळणी तेवढी राहिली होती, आणि कुणीतरी निनावी अर्ज ठोकला की हे घर ख्रिस्ती आहे.

"आता साहेब घरी येणार चौकशीला. हे प्रश्न इचारणार म्हणं. कुलदैवत कोन्तं, देवक काय, लगीन कसं लावता."

"मग?"

"मग काय! मला कुठं ठाव हाय? माझ्या आज्यानंच सगळं टाकून देलं. तुम्ही सांगा."

"मी सांगू?"

"घराघरातनं देव भायेर काढाया तुम्हीच फिरलात की. कोन्ता देव कोन्त्या कोनाड्यात व्हता, तुमच्याइतकं कुणाला ठाव?"

मी आत भांडी आवरत होते. मला हसू आलं, ते पदरात दाबलं.

आमची बहुतेक मंडळी कागदावर हिंदू मातंग आहेत आणि रविवारी ख्रिस्ती. कागदावर ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते. जात मात्र जात नाही. रामकिसनच्या आज्यानं बाप्तिस्मा घेऊन साठ वर्षं झाली, तरी स्टँडजवळच्या टपरीवर रामकिसनचा कप वेगळाच ठेवतात. त्या टपरीवाल्याला कुणी धर्म बदलल्याचं कळवलं नव्हतं वाटतं.

"खोटं शिकवणार नाही मी," हे म्हणाले. "प्रार्थना करतो तिच्यासाठी."

"प्रार्थना तर मीबी करतो, साहेब," रामकिसन म्हणाला आणि चपला घेऊन उठला.

हे असेच आहेत. रामकिसनची बायको जायच्या आधी अकरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. तिचा डबाही यांनीच धुतला. कुठल्याही वाडीवरून बोलावणं आलं की जीपच्या टपावर बसून जातील. आणि शाळेत आमच्या मुलाचं नाव घालायला गेले, तेव्हा मास्तर बिचारे म्हणाले होते, "पाळकसाहेब, धर्माचा रकाना मोकळा सोडू का?" यांनी त्यांच्या हातातला पेन घेऊन स्वतः 'ख्रिस्ती' लिहिलं. तो मुलगा आज चितेगावच्या कंपनीत कंत्राटावर आहे. बापाशी नाताळला बोलतो, तेही हवापाण्याचं.

दुसऱ्या दिवशी अमृता एकटीच आली. तेवीस वर्षांची, हडकुळी, कुणाला न भिणारी. कायगावला गोदावरीच्या पाण्यात यांनीच तिला बाप्तिस्मा दिला होता. त्या दिवशी ती इतक्या मोठ्यानं 'होय, मी विश्वास धरते' म्हणाली की पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर केली होती.

"प्रभू मनातलं बघतो ना?" तिनं विचारलं.

"बघतो. पण मनातलं तोंडानं कबूल करायचं असतं, बाळा."

"करते कबूल. साहेब आले की सांगते, व्हय, मी ख्रिस्ती. मग तुम्ही मला सांगा, कुणाकडं धुण्याभांड्याला जाऊ? उस्मानपुऱ्यात माझी मावशी सात घरं करते. आठवं मला देईल."

यांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी असं विचारल्यासारखं माझ्याकडं फारसं पाहिलेलं नाही.

"शिकवा," मी म्हटलं. "पोटच्या पोराला नाही शिकवलंत. हिला तरी शिकवा."

मला पोरीची दया आली म्हणून बोलले, का यांना लागावं म्हणून, ते आजही सांगता येत नाही. लागलं मात्र.

शिकवणी चर्चमध्येच झाली, कारण आमच्या घराच्या भिंतीला शेजाऱ्यांचे कान आहेत. चार दुपारी. अमृता आणि रामकिसन सतरंजीवर, हे समोर स्टुलावर, आणि मी दाराशी शेंगा निवडत राखणीला. लहान मुलांना प्रश्नोत्तरी पाठ करून घ्यायची यांची एक पद्धत आहे, तीच त्यांनी लावली.

"तुमचं कुलदैवत?"

"मरीआई."

"मोठ्यानं. बाप्तिस्म्याला बोललीस तसं."

"मरीआई!"

"देवक?"

"पाच झाडांची पानं. आंबा, उंबर, जांभूळ... साहेब, पुढचं इसरले."

"रुई, शमी. आधी पानं, मग हळद. पुन्हा सांग."

सगळं त्यांना पाठ होतं. यांचे आजोबा पोतराज होते. कमरेला रंगीत चिंध्या बांधून, अंगावर आसूड ओढत दारोदार जायचे. मिशनच्या साहेबानं त्यांच्या जटा कापल्या तेव्हा आजी महिनाभर जेवली नव्हती म्हणतात. हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं, आणि तेही सासूकडून.

चौथ्या दिवशी रामकिसन म्हणाला, "साहेब, एखादं गाणं असू द्या. इचारलं तर?"

"गाणं नको."

"एकच. मरीआईचं."

यांनी नको नको म्हणत सुरुवात केली. पहिली ओळ पुटपुटले. दुसरीला डोळे मिटले. तिसरीला रामकिसनचे हात आपोआप ढोलकीवर गेले आणि यांचा आवाज पत्र्याला जाऊन लागला. तीस वर्षं मी यांची गीतं ऐकते आहे, खर्जात, घड्याळाकडं बघत म्हटलेली. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मान डोलत होती, स्टुलाखाली पाय ठेका धरत होते. माझ्या सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. मला भीती वाटली, आणि गाणं संपू नये असंही वाटलं.

संपलं तेव्हा हे उठले, बाहेर नळावर गेले आणि चुळा भरायला लागले. एक, दोन, पाच. मी तांब्या काढून घेतला तेव्हा थांबले.

पंधरा दिवसांनी अमृताचा फोन आला. "पाळकीणबाई, झालं! चौकशीच्या साहेबांनी गाणं म्हणायला सांगितलं. म्हटलं. ते म्हणले, आजकाल पोरींना एवढं कुठं येतं." ती हसली, मग हळू बोलली, "आता थोडे दिवस उपासनेला नाय येत. लोकांची नजर असती. मनानं मी तिथंच हाय, सांगा त्यांना."

मी सांगितलं. हे "बरं" म्हणाले. रामकिसनही यायचा बंद झाला. ढोलकी तेवढी खिळ्याला टांगलेली राहिली.

मुलाला कुठूनतरी कळलं. नाताळ नसताना फोन आला त्याचा. मला म्हणाला, "आई, त्यांना विचार, किती दिवसांचा कोर्स असतो?" आणि ठेवून दिला. हे समोरच बसले होते. काय म्हणाला ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी सतरंज्या घालायला गेले तर चर्चच्या दारात चाळीसेक माणसं. वैजापूरकडची, वाळूजकडची, बाप्तिस्मा घेऊन उपासनेला कधी न फिरकणारी, ज्यांच्या घरी हे वर्षानुवर्षं पायपीट करून थकले ती. म्हाताऱ्या, तरणी पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. यांचा चेहरा उजळला. मागच्या खोलीत झगा चढवताना मला म्हणाले, "बघ, प्रभू जागं करतो माणसांना." मला पोरांच्या हातातल्या वह्या दिसल्या होत्या. मनात म्हटलं, अर्धा तास तरी यांचा आनंद असू दे.

त्या दिवशी त्यांनी फार सुंदर प्रवचन केलं. घड्याळाकडं एकदाही पाहिलं नाही. आशीर्वाद दिला, आमेन झालं, आणि कुणी उठेना.

पुढं बसलेल्या एका म्हातारीनं नातवाला कोपरानं ढोसलं. तो उभा राहिला. "साहेब, माझी पडताळणी जूनमधी हाय. ते दुसरं कधी सुरू होणार?"

"दुसरं काय?"

"शिकवणी."

हे प्रवचनाच्या पुलपिटाला धरून उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असंही वाटलं. आपल्या लेकराच्या वेळी जो माणूस ताठ उभा राहिला, तो एकदा तरी पुन्हा बघावा. म्हातारीनं हात जोडले. "आमचं यवढं एकच पोरगं शिकलंय, बापा."

त्यांनी झगा काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. स्टूल ओढून बसले.

"मरीआई का खंडोबा?" त्यांनी विचारलं. "गडबड करू नका. एकेकानं सांगा."

वह्या उघडल्या.