जवळ्यावरचं पाणी

ठमाबाईनं एसी घेतला तो गारव्यासाठी नव्हेच. अंजूरमध्ये गोडाऊनवाल्यांना जमिनी देऊन ज्यांनी माड्या चढवल्या, त्या सगळ्यांकडे एसी आला होता. पण हिच्या एसीचं काम वेगळं होतं. मेकॅनिक पाण्याची नळी गटारात सोडत होता, तर हिनं त्याला थांबवलं आणि नळी नेमकी खालच्या चिंचोळ्या अंगणावर लोंबती ठेवायला लावली. त्या अंगणात तिची धाकटी जाऊ कमळा जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवायची.

कमळाचा नवरा खाडीत बुडाला त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हा थोरल्या दिरानं, ठमाबाईच्या नवऱ्यानं पंढरीनं, बायकोला न जुमानता तिला अंगणाकडची एक खोली दिली. पावसाच्या आत जवळा सुकवायचा आणि पावसाळाभर भिवंडीच्या बाजारात विकायचा, एवढ्यावर ती कुणाच्या दारात न जाता जगत होती. ठमाबाईला त्या खोलीच्या जागी गाडी उभी करायची होती. मागून मिळेना, म्हणून आता पाण्यानं घ्यायची.

बाई मोठी बेरकी. वरून पडणारा थेंब फरशीवर फुटायचा आणि अंगणभर शिंतोडे उडायचे. दोन दिवसांत जवळ्याला वास सुटला, तिसऱ्या दिवशी अळ्या पडल्या. पण कमळा रडत बसणाऱ्यातली नव्हती. दुपारी लोडशेडिंगमध्ये चार तास वीज जायची, तेवढ्यात ती जवळा पसरायची आणि वीज यायच्या आत गोळा करायची. वीज गेल्यावर खूश होणारी गावात ती एकटीच. हे ठमाबाईच्या ध्यानात आलं आणि आठवड्याच्या आत दारात जनरेटर आला.

एसी ज्या खोलीत होता, तिथे पंढरी पडून असायचा. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, कूस बदलायलाही माणूस लागायचं. जनरेटर आल्यापासून एसी दिवसभर बंद म्हणून होत नव्हता. खाली जवळा निवडताना कमळाला त्याचा आवाज ऐकू यायचा.

"बंद कर गो. थंडी वाजते."

"गोधडी हाय ना अंगावर? गप पडून ऱ्हा," ठमाबाई म्हणायची.

चार दिवसांनी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. ती ऐकून कमळानं हातातला जवळा खाली टाकला. ती माडी चढून गेली आणि उंबऱ्यावरच थांबली. थोरल्या दिराच्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्याशी समोरून बोललीही नव्हती. पदराआडून तिला त्याचे निळे पडलेले ओठ दिसले. या माणसानं तिला आसरा दिला होता, आणि त्याच आसऱ्यापायी तो असा गारठून मरत होता. तिनं कमरेची चावी काढून जावेपुढे धरली.

"बाय, घे खोली. पन भावजींना मारू नको. ती मशीन बंद कर."

ठमाबाईनं चावी घेतली. रिमोट तिच्या कमरेलाच खोचलेला होता, पण हात काही तिकडे गेला नाही.

"आता बंद केला नि तू उद्या परत ठाण मांडलंस, मग? आधी सामान काढ. मंग बटन."

कमळा धावतच खाली आली. भांडी, ट्रंक, गाठोडी, चूल, नवऱ्याचा फोटो, जे हाताला लागेल ते तिनं रस्त्यावर नेऊन टाकलं. घागर फुटली तरी वळून पाहिलं नाही. प्रत्येक खेपेला वरची घरघर ऐकू आली की तेवढाच तिला धीर यायचा. अर्ध्या तासात खोली रिकामी झाली.

"निघालं गो सगळं!" ती धापा टाकत ओरडली.

ठमाबाई सावकाश जिना उतरली. खोलीत शिरून तिनं फळी पाहिली, मोरी पाहिली, आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे कमळाच्या सासूचा दगडी पाटा होता. तो आणून ठेवायला तेव्हा दोन गडी लागले होते.

"ह्यो ऱ्हायला."

"बाय, माझ्या एकटीच्यान न्हाय उचलायचा. तू ठेव तो. तुलाच दिला."

"मना काय करायचाय? माझ्याकडं मिक्सर हाय."

ती दारातच उभी राहिली. कमळा खाली बसली आणि पाट्याच्या कडेखाली बोटं घालू लागली. वर एसी चालूच होता.