उजवा फुगा

"उजव्या फुग्यात बावीस पौंड आणि डाव्यात आठ! मिस्त्री, असं कसं चालेल?"

सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात मी हे म्हणाले. लेक मागच्या सीटवर असली की माझा आवाज आपोआप चढतो. आमच्या घराकडचा चढ खडीचा. तिथं गाडीचं मागचं उजवं चाक जागच्या जागी फिरायचं. म्हणून मिस्त्रींनी आदल्या दिवशी मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या पोटात हवेचे रबरी फुगे बसवले होते. सकाळी मी स्वतः हवा मोजली. मी सगळंच मोजते. लेकीचा ताप तर तीन-तीनदा.

मिस्त्रींचा मुलगा हात पुसत आला. त्यानं गेज लावलं आणि बापाकडे पाहिलं.

"झालं! डोळे दाखवून या म्हणून किती दिवस कानीकपाळी ओरडतोय, बाबा?"

"अरे, ते..."

गॅरेजातले दोघे कारागीर काम थांबवून बघत होते. मिस्त्रींनी उघडलेलं तोंड मिटलं.

"आजपासून तुम्ही टेबलापाशी बसा. फोन घ्या. पाना मी बघतो." मुलानं दोन्ही फुगे पंधरा-पंधरावर आणले. मला हायसं वाटलं.

संध्याकाळी चढाच्या मध्यावर चाक गरगर फिरलं आणि गाडी तिरकी होत मागे घसरली. हँडब्रेक ओढून, लेकीला कडेवर घेऊन मी बाहेर पडले. गॅरेजला फोन लावला. उचलला मिस्त्रींनीच.

पायपंप घेऊन ते धापा टाकत चढून आले. चाकाला दगड लावला आणि उजव्या फुग्यात हवा भरायला लागले.

"इंजिन जोर लावतं ना, तेव्हा गाडी पिळवटते, पोरी. उजवं चाक हलकं पडतं, रस्ता धरत नाही. मग त्याला आतून रेटा द्यायचा. इथं डावं-उजवं करावंच लागतं!"

दगड काढला. गाडी एका दमात वर गेली.

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"चारचौघांत पोरगा तोंडघशी पडला असता. त्या कारागिरांकडून उद्या त्यालाच काम करून घ्यायचंय." मग ते ओशाळं हसले. "आणि खरं सांगू? आकडे मला दिसत नाहीतच नीट. हाताला कळतं. हे अंदाजानं भरलंय, उद्या येऊन नीट करून घे."

दुसऱ्या दिवशी कारागीर जेवायला गेल्याचं बघूनच मी गॅरेजात शिरले. मिस्त्री टेबलामागे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, लग्नाला आल्यासारखे बसले होते. नखंसुद्धा स्वच्छ. मुलगा माझ्या गाडीखाली सरकला.

"ताई, उजवीकडे परत जास्त झालंय. कुणी हात लावला?"

मिस्त्री माझ्याकडे बघत मानेनंच नको-नको म्हणत होते.

"बाबांनी," मी म्हणाले. "तुम्ही सारखं केलंत आणि मी लेकीसकट घसरले. ते चुकले नव्हते. मी चुकले."

गाडीखालची खुडबुड थांबली. त्याच्या फक्त चपला दिसत होत्या.

"बाबा," खालून आवाज आला, "उजवीकडे किती ठेवू?"

मिस्त्रींनी आधी घडी-घडी करत बाह्या कोपरापर्यंत चढवल्या. मग गुडघ्यांवर हात टेकत ते गाडीपाशी खाली बसले.

"थांब. हात लावून बघू दे."