धम्मानंदचा उखाणा

युक्रेनहून परतल्यापासून प्रताप नगरात धम्मानंदची भलतीच चलती होती. नागपूरच्या एका दैनिकाचा बातमीदार, थेट युद्धावर जाऊन आलेला! पानठेल्यावर तो क्षेपणास्त्रांच्या गोष्टी सांगायचा आणि फुकट तंबाखू-सुपारीचा खर्रा मिळवायचा. त्यातली निम्मी क्षेपणास्त्रं त्याने हॉटेलच्या तळघरात, एका हाताने कान झाकून नि दुसऱ्या हाताने बिस्किटं खात ऐकली होती. ‘प्रेस’ लिहिलेल्या चिलखताचे पट्टे पोटाभोवती पुरेनात म्हणून ते सुतळीने बांधलं होतं. असा हा रणधुरंधर!

फक्त बायकोपुढे, प्रीतीपुढे, त्याची टकळी बंद पडायची. “तिकडं काय झालं, खरं सांगा ना,” असं ती विचारायची आणि तो काहीतरी विनोद करून सटकायचा. रविवारच्या पुरवणीचा लेखही तसाच अडला होता. हल्ली प्रीतीने विचारणंच सोडलं होतं, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटायची.

भाची काजलच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पंगत बसायच्या वेळी कांतामावशीने त्याला दारातच अडवलं.

“प्रीतीचं नाव घे. त्याबिगर जेवाले बसू देत नाई मी तुले.”

“मावशी, मी पत्रकार आहो. मले कविता जमत नाई.”

“तोफायले भेला नाई अन् उखाण्याले काहून भिऊन राहिला गा?”

बायका खिदळल्या. तोफांना तो किती भ्यायला होता, ते त्याचं त्याला माहीत. पण उखाण्यात काय अवघड? पहिली ओळ कशाचीही चालते, दुसरीत नाव बसवलं की झालं. त्याने घसा खाकरला.

“काळ्या पावासाठी रांग लागली मोठी...”

ही ओळ कुठून आली, ते त्यालाच कळेना. आता प्रीतीचं नाव घ्यायचं आणि पुऱ्यांवर तुटून पडायचं. पण तोंडातून निघालं,

“मिकोलाचं नाव येतं सारखं ओठी.”

मावशीने कपाळावर हात मारला. “आता हे मिकोला कोण वं बाई?”

प्रीतीचा चेहरा पांढरा पडला. “म्हणून बोलत नव्हता तुम्ही?”

जन्मात पहिल्यांदा कविता केली आणि गड्याने बॉम्ब टाकला तो आपल्याच संसारावर!

“बाई नाई वं,” तो घाईघाईने म्हणाला. “माणूस होता. माझा ड्रायव्हर. माझं पोट पाहून लय हासे. पाव आणाले गेला, अन् त्या रांगेवरच बॉम्ब पडला.”

प्रीतीने त्याचा हात धरला. “तुमच्या बातमीत त्याचं नाव नव्हतं.”

“नव्हतं. ‘हल्ल्यात काही नागरिक ठार,’ एवढंच लिहिलं मी. त्या ‘काही’त होता तो.”

बातमीचं नावावाचून काही अडलं नव्हतं. या फुटकळ दोन ओळी मात्र नावाशिवाय पुऱ्याच होईनात. गल्लीभर युद्धाचे नकाशे समजावत फिरणाऱ्या शहाण्याला ते युद्ध आत्ता कुठे समजलं, आणि तो सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला.

“बायको आहे का गा त्याची?” मावशीने हळूच विचारलं.

“आहे. ओक्साना.”

“मंग तिच्यासाठी त्याचं नाव अजून एकदा घे.”

त्याने घेतलं. पहिली ओळ त्याने कशीबशी रेटली. दुसरी, मिकोलाच्या नावाची, त्याच्याबरोबर प्रीतीने म्हटली.