आप्पासाहेबांची सीट

विज्ञान जिथे संपते तिथून श्रद्धेचा प्रांत सुरू होतो, असे थोरांनी सांगून ठेवले आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तो बी विंगच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टँकरसाठी राखून ठेवलेल्या जागेवर सुरू झाला.

रविवारी सकाळी दहा वाजता तिथे साठेक माणसे जमली होती. एरवी सोसायटीची वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते. आज लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते. मध्यभागी श्यामसुंदर गोगटे यांची पन्नास वर्षांपूर्वीची व्हॅन उभी होती. काचेला झेंडूचा हार, चार चाकांखाली चार लिंबे.

व्हॅन मूळची श्यामसुंदररावांच्या वडिलांची, आप्पासाहेबांची. गेल्या दसऱ्याला तिला आतून-बाहेरून नवा रंग मारला, तेव्हापासून ती गोगट्यांच्या घरातली सगळ्यात देखणी व्यक्ती होती. अडचण एकच. मुलगा आमोद याचे लग्न कल्याणी ओव्हाळ या मुलीशी ठरत होते, आणि कल्याणी बसली की गाडी बंद पडत होती. एकदा कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला, एकदा खडकवासल्याला कणसांच्या गाड्यांपाशी गर्दीत अडकल्यावर, एकदा सोसायटीच्या फाटकातच. दिवे मंद व्हायचे, इंजिन दोन आचके द्यायचे आणि संपायचे. कल्याणी उतरली की पहिल्या चावीला सुरू.

"आम्ही जातबीत मुळीच मानत नाही हो," श्यामसुंदरराव मला जिन्यात म्हणाले होते. "बौद्ध आहेत, उत्तमच आहे, माणसं सुशिक्षित आहेत. पण गाडीच मानत नाही, त्याला आपण काय करणार?"

श्यामसुंदरराव निवृत्त अभियंता आहेत, हे इथे नोंदवून पुढे जाऊ.

निवाड्यासाठी बोलावले होते वाहनवास्तुतज्ज्ञ इंद्रजीत गुरुजींना. अंगात रेशमी झब्बा, पायात पळायचे बूट. शुक्रवारी ते एकटेच येऊन तासभर गाडीची 'पाहणी' करून गेले होते.

"वाहन हे माणसाचं दुसरं शरीर," गुरुजी माइकवर म्हणाले. "इंजिन म्हणजे प्राण. पेट्रोल म्हणजे पूर्वसंचित. आणि बॅटरी? बॅटरी म्हणजे वाहनाची कुंडलिनी!"

"कुठे असते ती?" मागून कुणीतरी विचारले.

"ती शोधायची नसते. जाणवून घ्यायची असते."

टाळ्या पडल्या.

मग प्रयोग सुरू झाला. श्यामसुंदररावांनी इंजिन सुरू केले. गुरुजींनी एकेकाला मागच्या बाकावर बसवले. जोशीकाकू बसल्या, गाडी चालू. सी विंगचे डॉक्टर बसले, चालू. शेवटी कल्याणीला पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवले. दिवे पिवळे पडले, इंजिनाने आचके दिले. बंद.

पार्किंगमधून एकच 'आई गं' उठली.

"आप्पासाहेबांचा आत्मा या गाडीत आहे," गुरुजींनी डोळे मिटले. "त्यांना हा संबंध मंजूर नाही. गाडी आणि मुलगी, दोन्हींपैकी एकच घरात राहील."

श्यामसुंदररावांनी गाडीकडे पाहिले.

"आमोद," कल्याणी शांतपणे म्हणाली, "तुझं काय मत?"

"नाही म्हणजे, आय डोन्ट बिलीव्ह इन धिस," आमोद म्हणाला. तो डेटा सायंटिस्ट आहे. "पण फोर आऊट ऑफ फोर म्हणजे... डेटा स्ट्राँग आहे ना."

कल्याणीने त्याच्याकडे असे पाहिले की मी माझी खुर्ची थोडी मागे घेतली.

तेवढ्यात तिचे वडील उठले. रामदास ओव्हाळ. आयटीआयमध्ये तीस वर्षे मुलांना गाड्यांचे वायरिंग शिकवून निवृत्त झालेले. आतापर्यंत ते शेवटच्या रांगेत चहा पीत बसले होते.

"गोगटेसाहेब, दोनच प्रश्न. गाडी बंद पडते ती पळताना की उभी असताना?"

"उभी असतानाच. सिग्नलला वगैरे."

"आणि या पुढच्या सीटवर कल्याणीशिवाय आणखी कोण बसतं?"

"छे छे! ती आप्पासाहेबांची सीट. ते गेल्यापासून तिथे कुणी बसलं नाही. होणाऱ्या सुनेचा मान म्हणून हिला बसवलं. गुरुजींनीही शुक्रवारी बजावलंय, दुसऱ्या कुणी टेकायचंसुद्धा नाही."

"म्हणजे तुम्ही माणसं बदललीत, पण जागाही बदललीत. मग दोष माणसाचा की जागेचा, हे कळणार कसं?"

पार्किंगमध्ये अभियंते निदान अकरा होते. सगळ्यांनी एकाच वेळी घसा खाकरला.

"आता तिथे दुसऱ्या कुणाला तरी बसवू," रामदास म्हणाले.

कुणी पुढे येईना. आप्पासाहेब हयात असतानाही त्यांच्या सीटवर बसायची कुणाची छाती नव्हती.

"गुरुजी, आपणच बसा," कल्याणी म्हणाली. "आप्पासाहेबांशी आपलं बोलणं आहेच."

"माझी ऊर्जा वेगळी आहे, मुली. प्रयोग बिघडेल."

"बिघडू दे की," गर्दीतून जोशीकाकू म्हणाल्या. "मला नाही का बसवलंत? माझी ऊर्जा काय भाजीवाल्याकडून आणलेली?"

गुरुजी बसले. इंजिन सुरू झाले आणि सुरूच राहिले. "पाहिलंत?" गुरुजी माइकशिवायच ओरडले. लोकांनी पुन्हा हात जोडले. माझ्याही मनात क्षणभर पाल चुकचुकली.

रामदास मात्र खाली वाकून गुरुजींचे पाय पाहत होते. "गुरुजी, आपण बसलेले नाहीत. पायांवर उभे आहात, सीटला नुसते टेकला आहात. व्यवस्थित बसा."

"मला असंच बसायची सवय आहे. योगासन आहे हे."

"पाय उचला, गुरुजी," कल्याणी म्हणाली.

साठ माणसे पायांकडे बघत असताना माणूस किती वेळ योगासनात राहणार? गुरुजींनी पाय उचलले. नव्वद किलो ऐवज सीटवर उतरला. दिवे पिवळे पडले, इंजिनाने दोन आचके दिले. बंद.

"आता काय," जोशीकाकू म्हणाल्या, "आप्पासाहेबांना गुरुजीही मंजूर नाहीत?"

रामदासांनी गुरुजींना उतरवून सीट वर केली. खाली बॅटरी होती. कुंडलिनी बरोब्बर गुरुजींच्या बुडाखाली निघाली.

"हे बघा. सीटच्या स्प्रिंगा बसल्यात. वजन आलं की त्या या जाड वायरीवर दाबतात. ही वायर बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाते. दसऱ्याला रंगाऱ्यानं तिच्या बोल्टखालीही रंग मारला, आणि बोल्ट परत नीट आवळला नाही. दाब आला की वायर पत्र्यापासून सुटते आणि बॅटरी असून नसल्यासारखी. गाडी पळत असेल तर डायनामो वीज पुरवतो, म्हणून कळत नाही. गाडी उभी राहिली की डायनामो पुरा पडत नाही आणि इंजिन मरतं."

"आणि शुक्रवारी गुरुजींनी ही सीट उचलून पाहिली होती," कल्याणी म्हणाली. "नाहीतर न दाबता बसायचं हे योगासन त्यांना सुचलं नसतं."

गुरुजींना अचानक वाकडमध्ये कुणाच्या तरी नव्या गाडीची पूजा आठवली. त्यांचे बूट पळायचेच होते.

रामदास आता श्यामसुंदररावांकडे वळले. आवाज चढला नाही. "गोगटेसाहेब, गाडीची हरकत मी काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. तुमची काही हरकत असेल तर ती आता तुमच्या तोंडानं सांगा. गाडीच्या तोंडानं नको."

श्यामसुंदरराव लिंबांकडे बघत राहिले.

"माझी काही हरकत नाही," शेवटी त्यांच्या पत्नी आनंदीताई म्हणाल्या. "पहिल्यापासून नव्हती. मला कुणी विचारलं नाही."

"माझीही... म्हणजे नाहीच," श्यामसुंदरराव पुटपुटले.

"थांबा काका," कल्याणी म्हणाली. "अजून एक जण बाकी आहे."

आमोद पुढे आला. "त्या सीटवर मी पहिल्याच दिवशी बसून बघायला हवं होतं," तो म्हणाला. या वेळी सगळे मराठीत.

"हो. हवं होतं." तिने वडिलांच्या टूलबॅगेतला पाना त्याच्या हातात दिला. "लग्नाचं मी महिन्याभराने सांगेन. आत्ता बोल्ट काढ."

वाचकहो, 'अमक्याच्या पायगुणाने झाले' असे म्हणायचा मोह आपल्यालाही होईल. घरात आलेल्या सुनेबद्दल होईल, शेजारच्या विधवेबद्दल होईल, आणि बहुधा ज्याला आपल्यात घ्यायचे नसते त्याच्याबद्दल होईल. तेव्हा एकच करा. त्या माणसाला उठवा आणि त्याच जागी स्वतः बसून पाहा. पाय उचलून.

आमोदने रंग खरवडला, वायर पत्र्याला लावली आणि बोल्ट आवळला. कल्याणी पुढच्या सीटवर बसली. गाडी सव्वा तास उभ्या जागी चालू राहिली. मग सेक्रेटरींनी धुराबद्दल तक्रार केली म्हणून बंद केली.

बोल्ट तेरा नंबरचा होता. दोन आटे ढिला होता.