वाट नसलेल्या टेकडीची माती

मी एक जुनी माती आहे. तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही माझं वय मोजता आलं नसतं. कुजू डोंगराच्या पायथ्याशी हारुकिची नावाच्या म्हाताऱ्याची एक टेकडी आहे, तिच्यावर मी असते. माझ्या अंगावर कुनुगीची झाडं उभी आहेत. त्यांच्या ओंडक्यांवर इथली माणसं अळंबी पिकवतात.

मित्रांनो, माझा जन्म आगीतून झाला. डोंगराने राख उधळली, ती वाऱ्याबरोबर आली आणि इथे बसली. पुन्हा उधळली, पुन्हा बसली. त्या राखेवर गवत आलं. मग माणसं आली. ती दर वसंतात गवत जाळायची आणि ते पुन्हा उगवायचं. जळक्या काड्या आणि कुजलेली मुळं माझ्यात मुरत गेली आणि मी काळी झाले. पुढे गवताच्या जागी झाडं वाढली आणि मी जंगलाची माती झाले.

मी काळी आहे, पण जड नाही. माझी भरलेली टोपली उचलताना नवखा माणूस जोर लावतो आणि मागच्या मागे कोलमडतो. माझ्या कणाकणात पोकळी आहे आणि त्या पोकळीत पाणी राहतं. मला मुठीत घेतलं तर मी कोरडी वाटते. मूठ आवळली की बोटांमधून पाणी निघतं. भर उन्हाळ्यात आजूबाजूचे झरे आटतात, माझ्या पायथ्याचा झरा आटत नाही. याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

खालच्या शेतातली माणसं पूर्वी मला नावं ठेवायची. घातलेलं खत मी धरून ठेवते, पिकाला सहजासहजी देत नाही, हे खरं आहे. काळं तोंड आणि आखडता हात, असं ती म्हणायची. कुनुगीच्या झाडांनी मात्र कधी तक्रार केली नाही. त्यांची मुळं खोल येतात आणि हवं ते माझ्याकडून मागून घेतात.

इथे मला कुरोबोकु म्हणतात. कुरो म्हणजे काळं. बोकु हा आवाज आहे. माझ्यात ओल बेताची असली आणि कोणी माझ्यावरून चाललं, की पायाखाली बोकु, बोकु असं वाजतं, म्हणून हे नाव पडलं असं गावात सांगतात. दुसऱ्या मातींना रंगाची नावं असतात, गावांची असतात. माझ्या नावात माणसाचं पाऊल आहे.

हा आवाज सगळ्यात चांगला कळायचा तो किनुएला, हारुकिचीच्या बायकोला. कामाच्या दिवशी सकाळी ती पायथ्याशी थांबायची आणि टाच तीनदा माझ्यावर आपटायची. मी बोकु म्हणाले तर काम सुरू. पचक म्हणाले तर सगळ्यांनी घरी जायचं, मग मदतीला आलेली माणसं डबे घेऊन उभी का असेनात. हारुकिची वैतागायचा. मला तर दोन्ही आवाज सारखेच वाटतात, म्हणायचा.

"अहो, तुमच्या कानात अळंबी उगवलीत," किनुए म्हणायची. "आधी ती तोडून वाळत घाला."

ओंडके ती पाठीवरच्या चौकटीला बांधून खाली आणायची. पण दर खेपेला ती निराळ्याच बाजूने उतरायची. कधी उजवीकडून, कधी पार पलीकडच्या बांबूंजवळून. हारुकिची पाहुण्यांना हसत सांगायचा की लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी हिला घरची वाट सापडत नाही. तीही हसायची. उत्तर मात्र द्यायची नाही.

एका वर्षी भातकापणीच्या वेळी किनुए वारली.

कुनुगीची पानं पिवळी पडली तेव्हा हारुकिचीने एकट्याने झाडं पाडली. त्यानंतर तो रोज वर यायचा आणि खाली मान घालून फिरायचा. त्याची कुऱ्हाड हरवली असेल असं मला आधी वाटलं. मग कळलं, तो तिची वाट शोधत होता. ती जिथून चालली तिथून त्याला चालायचं होतं. ती वाट त्याला सापडली नाही.

"एवढी वर्षं चाललीस," एके दिवशी तो खुंटावर बसून म्हणाला, "आणि एक वाटसुद्धा ठेवली नाहीस."

मला उत्तर माहीत होतं. पण मला बोलता येतात ते दोनच शब्द, आणि तेही कोणी चाललं तरच.

हिवाळा सरत आला तेव्हा त्याचा मुलगा शिगेकी शहरातून दोन दिवसांच्या रजेवर आला. बापलेकांचं आधीच ठरलं होतं. चेरी फुलायच्या आत ओंडके खाली आणून त्यांत अळंबीच्या बियाण्याच्या खुंट्या ठोकून झाल्या, तर हारुकिची इथेच राहणार. नाही झाल्या, तर टेकडी सोडून मुलाकडे जाणार. बापाचे दुखरे गुडघे पाहून शिगेकीने मित्राकडून साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी माल वाहायची गाडी आणली होती.

तीन दिवस पाऊस पडून गेला होता. मग आभाळ मोकळं झालं आणि कडाक्याची थंडी पडली. सकाळी माझ्या वरच्या थरात बर्फाच्या बारीक सुया उभ्या राहिल्या होत्या. हारुकिची पायथ्याशी थांबला आणि त्याने टाच तीनदा आपटली. खणखणीत आवाज आला.

"बोलली," तो मुलाला म्हणाला. "मला ऐकू आलं."

आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. पण मित्रांनो, मी बोलले नव्हते. बर्फ बोलला होता. अशी सकाळ असली की किनुए आधी पायाच्या अंगठ्याने सुया बाजूला सारायची आणि मग टाच आपटायची. हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याला वाटायचं, पाय गार पडले म्हणून ती चाळा करते.

गाडीच्या दोन खेपा नीट झाल्या. मग ऊन आलं आणि सुया वितळल्या. तिसऱ्या खेपेला पट्ट्यांनी मला दाबलं, हलवलं, आणि मी धरून ठेवलेलं सगळं पाणी सोडलं. मी शेकडो झाडं पेलते. पण ओली असताना कोणी मला असं मळलं तर मी पातळ होते आणि वाहते. गाडी घसरली. तीस पावलांचा खोल चर पडला. तीन खुंटांची साल सोलली गेली. त्या खुंटांनाच पुढे फुटवा यायचा होता. काळं पाणी खाली झऱ्यात गेलं.

थोड्या वेळाने तोमे मावशी बादली घेऊन वर आली. ती किनुएची मैत्रीण. तिचं घर त्या झऱ्यावरच चालतं. तिने बादली शिगेकीच्या पुढ्यात ठेवली आणि विचारलं, याचा चहा करून देऊ का? मग ती हारुकिचीकडे वळली.

"कोणाच्या टाचेनं विचारलंस?"

"माझ्या."

"वाटलंच मला."

शिगेकी ओशाळला होता आणि चिडलाही होता. टेकडीवर एक धड वाट असती तर गाडी आणायची वेळच आली नसती, असं तो म्हणाला. आईने इतक्या वर्षांत एक वाट पाडली नाही.

"पाडायचीच नव्हती तिला," तोमे मावशी म्हणाली. "रोज एकाच जागी पाय पडला तर माती मुकी होते, म्हणायची. आज इथून उतरली तर उद्या तिथून. मी मागून गेले तर माझ्यावरही ओरडायची, तुझी तू जागा शोध म्हणून."

हारुकिचीने वर टेकडीकडे पाहिलं.

"म्हणजे ती वाट चुकत नव्हती?"

"एवढ्याशा टेकडीवर अडतीस वर्षं कोण वाट चुकतं, हारुकिची?"

त्याने मुलाला गाडी खाली न्यायला सांगितली. फळ्या टाकत, दोर लावत ती उतरवण्यात दिवस गेला. शिगेकीने विचारलं, आता ओंडक्यांचं काय? पाठीवर, हारुकिची म्हणाला. तुमच्या गुडघ्यांचं काय, असं शिगेकी विचारेपर्यंत तो पाठीवरची चौकट आणायला निघाला होता.

मी निथळेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. शिगेकीने रजा वाढवून घेतली. तोमे मावशीने गावातली सहा माणसं आणली, त्यांतला सगळ्यात तरुण चौसष्ट वर्षांचा. सगळे पांगून उतरत होते, आणि कोणी दुसऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवू लागला की तोमे मावशी किनुएसारखी ओरडायची. सगळे ओंडके काही खाली आले नाहीत. पाव हिस्सा वरच राहिला आणि माझ्यात कुजला. शेवटची खुंटी ठोकली त्या दिवशी मावशीच्या अंगणातली चेरी उमलायला लागली होती. अट पुरती पाळली गेली नव्हती, पण शिगेकीने ती काढली नाही. हारुकिची इथेच राहिला.

त्या चरात आता पालापाचोळा भरला आहे. तीनपैकी एका खुंटाला फुटवा आला. पण तिथे मी अजून मुकी आहे. माझ्या ज्या पोकळ्या दबल्या त्या वर्षा-दोन वर्षांत उघडत नाहीत. हारुकिचीच्या हयातीत उघडतील की नाही, सांगता येत नाही. त्या व्हायला हजारो वर्षं लागली होती. मोडायला एक खेप पुरली.

मित्रांनो, मला कोणी पूजावं असं मी म्हणत नाही. पाय ठेवा, ओझी न्या, झाडंही तोडा. फक्त आधी विचारा, आणि उत्तर माझंच आहे ना, ते नीट ऐका.

हारुकिची आता वाट शोधत नाही. या टेकडीवर कुठेही पाय ठेवला तरी तिथे आधी किनुएचा पडून गेला आहे, हे त्याला कळलं आहे. सकाळी तो अंगठ्याने बर्फ सारतो, टाच तीनदा आपटतो, आणि कालच्यापेक्षा वेगळ्या जागेवरून चढायला लागतो. काल तो मध्येच थांबला. काम काहीच नव्हतं, तरी त्याने पुन्हा एकदा टाच आपटली.

बोकु, मी म्हणाले.

"हो गं," तो म्हणाला. "ऐकलं."