तीन वातींची मेणबत्ती

भवानीबाईंनी नेलकटरनं मेणबत्तीची एक वात आखूड केली, काळा तुकडा मेणात पडू न देता उचलला आणि मेणबत्तीचा काचेचा ग्लास स्टीलच्या ताटलीत ठेवला. पडद्यापासून लांब, टेबलाच्या मधोमध. पंखाही बंद केला. सगळं मुद्दाम सावकाश चाललं होतं, कारण समोर त्यांचा मुलगा पुनीत बसला होता आणि त्याच्या पायाशी त्यांची भरलेली सुटकेस होती.

गेल्या आठवड्यात याच खोलीतला पडदा जळाला होता. भवानीबाई देवळातून परतल्या तेव्हा शेजाऱ्यांनी खिडकीतून पाणी मारून आग शमवली होती आणि सुनेनं, यशस्विनीनं, हौसेनं दिलेल्या मेणबत्तीची काच तडकून पडली होती. पुनीतनं तेव्हाच ठरवून टाकलं. आई विसरायला लागली, आता तिला कुवेंपुनगरच्या घरात एकटं ठेवायचं नाही. बोगादीच्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं.

भवानीबाई विसरल्या नव्हत्या. त्या दिवशी यशस्विनी आली होती. देवळात जाताना त्यांनी तिला दिव्याचं बजावलं होतं, दार ओढून घ्यायलाही सांगितलं होतं. विसरली ती पोर. पण साताऱ्याहून या कानडी मुलखात नवी आलेली सून, तिच्यावर नवऱ्यासमोर बोट दाखवणं त्यांच्या जिवावर आलं. तिचं नाव न घेता घर राखायचं, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून तशीच दुसरी मेणबत्ती त्यांनी स्वतः बाजारात जाऊन आणली. घाबरून सोडून दिली असती, तर पुनीतचंच खरं ठरलं असतं.

त्यांनी कापलेली वात पेटवली. तिन्ही लावायची उधळपट्टी त्यांना मान्य नव्हती. खोलीत मोगऱ्याचा वास हळूहळू पसरला.

"आई, हे दाखवून काय होणार?"

"सुम्मने, गप बस रे. बघ नुसतं."

"हट्ट पुरे. ऑटो बोलावतो."

"बेडा, नको. मी येत नाही म्हटलं ना!"

यशस्विनी दोघांकडे आळीपाळीनं बघत अंग चोरून बसली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. भवानीबाई उठल्या.

"माणूस उठला की दिवा तसा सोडायचा नाही," त्या पुनीतला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "यशस्विनी, दिवा मोठा कर गं."

यशस्विनीनं लगबगीनं काडी ओढली. दुसरी वात पेटवली, मग तिसरी.

"अगं, काय करतेस?" पुनीत ओरडला.

"आईच म्हणाल्या ना, मोठा कर."

"आमच्याकडे मोठा कर म्हणजे विझव!"

"अय्यो, दिवेलागणीला तो शब्द काढू नको," भवानीबाई दारातूनच म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या.

यशस्विनीच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा तिनं ती टाकली.

"त्या दिवशीही हेच म्हणाल्या होत्या. मला वाटलं, देवळातून लगेच येतील, घरभर वास हवा असेल. तिन्ही वाती लावल्या आणि दार ओढून घेतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आईंनीच सांगितलं होतं म्हणू? तू तर त्यांना त्याच दिवशी घेऊन गेला असतास."

भवानीबाईंना आधी हायसं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. पोर विसरली नव्हती. सांगितलं तेच केलं होतं तिनं, आणि वर आठवडाभर सासूला झाकत बसली होती.

त्यांनी पितळी झाकण ग्लासवर ठेवलं. तिन्ही ज्योती एकदम गेल्या.

"हे मोठं करणं," त्या म्हणाल्या.

यशस्विनीनं डोळे पुसले. "आणि खरंच मोठा करायचा असला, तर काय म्हणता?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"म्हणत नाही गं काही. आपल्या हातानं करतो."

पुनीत सुटकेस घेऊन आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"रेशमी साड्या वरच्या कप्प्यात!" भवानीबाईंनी तिथूनच सांगितलं आणि त्या कुकर उतरवायला गेल्या.